कमरेच्या इलॅस्टिकवर फिरलेली रेकॉर्ड

गल्लीच्या कोपऱ्यावर, जिन्याखालच्या एका खोलीत टेलरबाईंचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, इस्त्री आणि भिंतीवरच्या खिळ्यांना लटकलेल्या लोकांच्या पँटी. नवे कपडे शिवणं बाईंनी कधीच बंद केलं. आता सगळं ऑल्टरेशन. झिप बदलायची, पाय आखूड करायचे, कंबर सैल करायची. कुणाची कंबर कुठवर पोचली हे त्यांना त्याच्या बायकोआधी कळतं, पण याबाबतीत बाई तोंडाला कुलूप लावून असतात.

मशीनवर बसल्या की त्या गुणगुणतात. वर्षानुवर्षं एकच चाल, संथ, जडशी, घशाच्या तळातून आलेली. बऱ्याच गिऱ्हाइकांना ती अंगाई वाटते. एका आईने तर रडकं पोर मुद्दाम दुकानात आणून झोपवलं होतं. खरं सांगायचं तर ती चाल एका ब्रिटिश हार्ड रॉक बँडच्या पहिल्यावहिल्या अल्बममधली आहे, जो निघाला तेव्हा कुणी विचारला नाही आणि नंतरही नाही. त्या गाण्यात गायक जिवाच्या आकांताने ओरडत असतो. मग त्याची अंगाई कशी झाली? त्याला एक कारण बाईंचा भाऊ, आणि दुसरं कारण पायजम्याचं इलॅस्टिक.

भाऊ बाईंना ताई म्हणतो आणि बाई त्याला धाकट्या म्हणतात. आपणही तसंच म्हणू.

आईवडील एकापाठोपाठ गेले तेव्हा ताई नुकती शाळेतून बाहेर पडली होती आणि धाकटा अजून दप्तर टाकून खेळायला पळायच्या वयाचा होता. शेजारच्या काकूंनी तिला मशीन चालवायला शिकवलं. तेव्हापासून ताईच त्याची आई, बाप आणि वेळ आली की पोलीसही. तिचं लग्न राहूनच गेलं. कुणी त्यावर हळहळायला लागलं की ती म्हणायची, "एक पुरुष सांभाळून हात टेकलेत, दुसरा कुठे घेऊ?" धाकटा मोठा झाला आणि रंगारी झाला. हात त्याचा छान होता, पण तोंड हाताच्या दुप्पट चालायचं. शिडीवर उभा राहून भिंतीशीसुद्धा गप्पा मारील असा माणूस. घरमालक वैतागायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच बोलवायचे.

अशाच एका घरातले परदेशी भाडेकरू आपल्या देशी निघून गेले होते. कोपऱ्यात पडलेला पसारा फेकून दे, असं मालकाने सांगितलं. धाकट्याने बाकीचं फेकलं आणि एक रेकॉर्ड प्लेअर व एक रेकॉर्ड काखोटीला मारून घरी आणली. कव्हरवर पाच लांब केसांची पोरं एका विटांच्या भिंतीपुढे उभी होती, सगळ्यांचे चेहरे कुणी जेवायला न वाढल्यासारखे. धाकट्याने पोरांकडे पाहिलंच नाही.

"ताई, ही भिंत बघ. पोपडे बघ कसे आलेत. प्रायमर मारलेलाच नाही."

प्लेअरला वीज मिळाली, आतली मोटर घुंघुं करू लागली, पण रेकॉर्ड ठेवायची थाळी जागची हलेना. मोटरवरून थाळीला फिरवणारा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. म्हणाला, असला पट्टा मिळायचा नाही. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. आणि धाकट्याचं तोंड एवढंसं झालं की ताईला स्वस्थ बसवत नसे, हा तिचा जन्माचा दुबळेपणा.

तिने दोरा घेऊन माप काढलं. पायजम्याच्या कमरेत घालतात तसलं चपटं इलॅस्टिक मापापेक्षा जरा कमी कापलं, टोकावर टोक ठेवून वरून नागमोडी टाका मारला आणि ते कडं थाळीखालून मोटरवर चढवलं. बटण दाबलं. थाळी फिरली!

फिरली, पण इलॅस्टिक ते इलॅस्टिकच. ते घसरायचं. रेकॉर्ड जितकी भरभर फिरायला हवी त्याहून ती चांगलीच हळू फिरत होती, आणि हे दोघांनाही कळायचा मार्ग नव्हता, कारण घरात दुसरी रेकॉर्डच नव्हती. याला हार्ड रॉक म्हणतात हेही त्यांना कव्हरच्या मागे बघूनच कळलं. जे ऐकू आलं तेच त्यांनी खरं मानलं. गिटारी अशा वाजत की वरच्या मजल्यावर कुणी कपाटं सरकवतंय असं वाटावं. गाणारा खोल, भरल्या आवाजात, कसलीच घाई नसल्यासारखा गायचा. शब्द त्यांना फारसे कळत नसत. पण हा माणूस फार सोसून आलाय आणि आता सगळं सावकाश सांगतोय, एवढं ताईला पक्कं कळायचं. दिवसभर लोकांचे कपडे उसवून थकलेल्या बाईला असा गायक आवडला नसता तरच नवल.

दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याला मात्र दरवेळी गोची व्हायची. तोवर मोटर तापलेली असे, तिच्या उबेने इलॅस्टिक आणखी सैल पडे आणि गाणं ऐन रंगात आलं की आवाज खाली खाली बसत जाई. गायकाचा रेडा व्हायचा. अशा वेळी थाळीच्या कडेला बोट लावून ती पुढे ढकलावी लागे. मग दोन-चार फेऱ्यांत ती परत सुरळीत व्हायची. तेव्हा शिवणकाम वरच्या घरातच चालायचं आणि प्लेअर ठेवलेला असायचा मशीनशेजारच्या स्टुलावर, म्हणून ढकलायचं काम ताईचं. ओरडायचं काम धाकट्याचं.

"ताई, ढकल!"

अंघोळीतून ओरडायचा. दाढीचा फेस तोंडाला फासलेला असताना ओरडायचा. जिन्यातून वर येता येता गाणं बसल्याचं ऐकू आलं की खालूनच ओरडायचा. शेजारच्या काकूंची बरेच दिवस अशी समजूत होती की ही बहीणभावंडं रोज संध्याकाळी कपाट हलवतात आणि ते काही केल्या हलत नाही.

पुढे धाकट्याचं लग्न झालं, दोन गल्ल्या सोडून त्याने घर केलं, मुलगी झाली. मुलगी शाळेत असतानाच बायको आजारपणात गेली आणि ताईच्या पदरात आणखी एक पोर आलं. या धबडग्यात मशीन खाली दुकानात आलं, प्लेअर कापायच्या टेबलाखाली गेला, त्याच्यावर चिंध्यांची पोती चढली, आणि आतलं इलॅस्टिक केव्हातरी कुजून तुटलं. चाल तेवढी ताईच्या घशात राहिली.

आता त्या मुलीला नोकरी लागलीय, आणि धाकटा पलंगावर आहे.

झालं ते चहा पिताना झालं. कप हातातून निसटला आणि तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवा हात आणि पाय ढिले पडले होते. त्यात हळूहळू जोर येईल असं डॉक्टर म्हणत होते, आणि येतही होता. पण शब्द गेले. समजत सगळं होतं. खिडकी लाव म्हटलं की तो खिडकीकडे बघायचा, कुणी विनोद केला तर डोळ्यांत हसायचा. बोलायला गेला की भलताच आवाज बाहेर पडायचा. पहिल्यांदा तो आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला तेव्हा दचकून ताईकडे पाहिलं. पुढच्या काही दिवसांत त्याने तोंड मिटून घेतलं ते घेतलंच.

बोलणं शिकवायला एक थेरपिस्ट यायची. तरुण, मायाळू, चिकाटीची मुलगी. चित्रांचे पत्ते समोर धरायची. कप. किल्ली. खुर्ची. धाकटा चित्राकडे बघायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. आयुष्यभर भिंती रंगवल्या त्याने, आता भिंतीशीसुद्धा बोलत नव्हता.

एके दिवशी थेरपिस्टने ताईला आणि तिच्या भाचीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला, बाजूला घेतलं. "शब्द आत आहेत. पण ते स्वतः बोलायचा प्रयत्नच करत नाहीयेत. हे पहिले महिने फार मोलाचे असतात, आत्या. असेच निघून गेले तर मग कठीण होईल." ही मुलगीही भाचीचं ऐकून ताईला आत्याच म्हणायला लागली होती. "त्यांच्या आवडीचं, अगदी जुन्या सवयीचं काहीतरी शोधा. गाणं असेल तर उत्तम. कधी कधी तिकडून वाट सापडते."

ताई दुकानात परत आली, पण मशीनवर बसेना. तिला एकच भीती होती आणि ती फार साधी होती. ताई अशी हाक मारणारा जगात एकच माणूस उरला होता. बाकी सगळ्यांची ती टेलरबाई नाहीतर आत्या. धाकटा बोललाच नाही तर ती यापुढे कुणाचीच ताई असणार नव्हती. हा विचार डोक्यात आला आणि ती पँटीच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून रडली. गिऱ्हाईक आलं तेव्हा नाक पुसून म्हणाली, "इस्त्रीची वाफ लागते हो."

गाणं कोणतं, हा प्रश्नच नव्हता. भाचीने कव्हरवरचं नाव बघून मोबाइलवर शोधाशोध केली आणि अल्बम सापडला. संध्याकाळी दुकानात येऊन तिने तो लावला.

ताईने हातातलं काम खाली ठेवलं. ऐकलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"हे नव्हे."

"अगं आत्या, हेच आहे. नाव तेच, चित्र तेच. ही बघ तुझी पोपड्यांची भिंत."

"भिंत असेल तीच. पण हा चिमणा कोण ओरडतोय?"

"तोच तर गायक."

"छट्! काहीतरीच. आमचा भरदार होता. आणि याच्या मागे काय कुत्रं लागलंय का, एवढा पळतोय तो?"

भाचीने माहिती वाचून दाखवली. या बँडने पहिल्या अल्बमनंतर गायक बदलला, दुसरा अल्बम जगाने डोक्यावर घेतला, आणि हा पहिला मागे पडला तो पडलाच. आता काही लोक तो पुन्हा ऐकून त्यावर लिहितात, पण चार शब्द बरे कुणी लिहीत नाही. एकाने लिहिलं होतं, आवाज पातळ, गाणी घाईघाईत उरकलेली, वजन नाही.

ताईचा पारा चढला. "वजन नाही? या गाण्यांना? कोण आहे तो मेला लिहिणारा?"

तरी पण, नसल्यापेक्षा बरं, म्हणून दोघींनी धाकट्याला मोबाइलवर ते ऐकवलं. पहिले काही सूर ऐकून त्याने मान उचलली. ताईच्या काळजात आशा लकाकली. मग गायक गायला लागला. धाकट्याने भुवया आक्रसल्या, मोबाइलकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि डाव्या हाताने चादर डोक्यावरून ओढून घेतली. ती चादर दिवसभर खाली आली नाही.

मग ताईने चंग बांधला. मोबाइलचा काही भरवसा नाही, खरी रेकॉर्ड ती खरी. तिने चिंध्यांची पोती उपसली, प्लेअर बाहेर काढला, पुसला. भाचीने कुठूनतरी अस्सल रबरी पट्टा मागवला. आता सगळं मिळतं. पट्टा चपखल बसला, थाळी सुतासारखी सरळ फिरू लागली, ताईने श्वास रोखून सुई टेकवली. आणि दुकानात पुन्हा तोच चिमणा ओरडायला लागला.

ताई मटकन स्टुलावर बसली. "रेकॉर्ड नासली गं. इतकी वर्षं दडपून ठेवली मी, नासली."

भाची फिरत्या थाळीकडे बघत राहिली. ती विचार करत होती. मग म्हणाली, "आत्या, तू नेहमी गुणगुणतेस ना, ते गुणगुण बरं. दुसऱ्या बाजूचं तिसरं."

"आत्ता? माझ्या जिवाला इथे घोर लागलाय, आणि..."

"गुणगुण गं."

ताईने गुणगुणलं. भाचीने सुई त्याच गाण्यावर ठेवली. रेकॉर्डवरचं गाणं पुढे पळून गेलं आणि ताई मागे आपल्या चालीने चालत राहिली, तिसऱ्याच ओळीला दोघांची फारकत झाली. भाचीला हसू फुटलं आणि हसता हसता तिने तोंडावर हात ठेवला.

"आत्या, तुमची रेकॉर्ड हळू फिरत होती. जन्मभर तुम्ही ती हळू ऐकलीत. तू पट्टा कशाचा केला होतास?"

ताईने भिंतीवरच्या एका पायजम्याकडे बोट दाखवलं. मग ते बोट तसंच राहिलं. तिच्या ध्यानात सगळं एकदम आलं. तो सोसून आलेला, सावकाश बोलणारा माणूस कधी नव्हताच. तो तिने शिवला होता. रबर असतं तर कुणीतरी एक पोरगा भराभरा ओरडून गेला असता आणि धाकट्याने रेकॉर्ड कदाचित आठवड्याभरात भंगारात टाकली असती. तिला क्षणभर फसवल्यासारखं वाटलं, आणि लगेच दुसरं वाटलं ते जास्त खरं होतं. म्हणजे हा अल्बम साऱ्या जगात फक्त आम्हा दोघांनाच आवडला, आणि आवडला तो माझ्या टाक्यामुळे.

"काढ तो रबराचा," ती म्हणाली. "आणि ते चिंध्यांचं पोतं इकडे ओढ."

नवं इलॅस्टिक कामाचं नव्हतं. आजकालचं इलॅस्टिक घट्ट पकडतं, घसरत नाही. तिला जुनं, वापरून वापरून दम गेलेलं हवं होतं. तिने टाकून दिलेल्या पायजम्यांच्या कमरा उसवल्या, एकेक तुकडा दोन बोटांत ताणून पाहिला. हा फारच मेलेला. हा अजून मुजोर. शेवटी एक मनासारखा सापडला. दोऱ्याने माप, मापापेक्षा जरा कमी, टोकावर टोक, नागमोडी टाका. डोळ्यांना आता सुई लवकर सापडत नव्हती, पण हाताला रस्ता पाठ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्लेअर रिक्षाने धाकट्याच्या घरी गेला. पलंगाशेजारी स्टूल, स्टुलावर प्लेअर, बाजूच्या खुर्चीवर ताई. भाची दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने काही वळून पाहिलं नाही.

ताईने सुई टेकवली. आधी खरखर, मग फेरीगणिक इलॅस्टिकच्या सांध्याची ती बारीक टकटक, जी जगातल्या दुसऱ्या कुठल्याही रेकॉर्डला नसेल. मग वरच्या मजल्यावरची कपाटं सरकायला लागली. आणि तो आला, खोल, भरदार, कसलीच घाई नसलेला.

चादरीखाली डाव्या पायाचा अंगठा हलला. एकदा, परत एकदा, मग ठेक्यात.

पहिली बाजू संपेपर्यंत धाकटा पाठीवर वळला होता. ताईने रेकॉर्ड उलटली तेव्हा तो तिच्याकडे नाही, प्लेअरकडे बघत होता, रंग वाळलाय का बघावं तसा डोळे बारीक करून. ताईने ओठ घट्ट मिटले. काही बोलले तर मोडेल, असं तिला वाटत होतं. दुसरं गाणं झालं. तिसरं लागलं. मोटर तापली होती.

गाणं रंगात आलं आणि आवाज बसायला लागला. गिटारी लोळू लागल्या, गायकाचा रेडा व्हायला लागला. ताईचा हात एरवी आपोआप गेला असता. पण ती भावाच्या तोंडाकडे बघत होती. इतक्या आठवड्यांनी ते तोंड जिवंत दिसत होतं, आणि तिचे डोळे भरून आले होते, आणि थाळी, बोट, ढकलणं, सगळं ती साफ विसरून गेली होती. आवाज आणखी बसला. थाळी थांबायच्या बेतात आली.

धाकट्याच्या भुवया एकत्र आल्या. त्याने ताईकडे पाहिलं, थाळीकडे पाहिलं. डावा हात पलंगावरून उचलला. ओठ हलले, गाल ताणला गेला, मानेची शीर वर आली.

"ढ," तो म्हणाला. आणि मग, अंघोळीतून ओरडायचा तसाच, वैतागून, "ढकल! ताई, ढकल!"

दारात भाचीच्या तोंडून हुंदका फुटला. ताईने बोट पुढे केलं. घाईत पहिल्यांदा ते थाळीवरून घसरलं. दुसऱ्यांदा लागलं. थाळी हलली, गायक उठून उभा राहिला आणि गाणं चालू लागलं. धाकटा उशीवर मागे टेकला. एक साधं काम या बाईला धड जमत नाही, असा भाव त्याच्या तोंडावर होता, आणि ताईला तो भाव, जीव ओवाळून टाकावा इतका गोड वाटला.

पण इलॅस्टिकवर किती काळ भरवसा ठेवणार? गाणं संपायच्या आत आवाज परत खाली बसायला लागला. ताईला ते लगेच ऐकू आलं. तिने दोन्ही हात मांडीखाली दडपले, खिडकीबाहेर बघायला लागली, आणि वाट बघत बसली.